लासूरकर बाईंचं टिंब

दाखला देण्यात येतो की, श्रीमती भानुमती मुकुंद लासूरकर, वय वर्षे सदुसष्ट, सेवानिवृत्त सहशिक्षिका (मराठी), राहणार सिडको एन-२, मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, या वरील पत्त्यावर पतीसह वास्तव्यास असून त्यांच्याविरुद्ध कोणतीही तक्रार प्रलंबित नाही. उंची मध्यम, वर्ण निमगोरा. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटास पेनाचा घट्टा. शुद्धलेखन निर्दोष. श्रवणशक्ती उत्तम. वर्तणूक समाधानकारक.

यातल्या शुद्धलेखनाबद्दल कुणाचंच दुमत नाही. मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या शाळेत बाईंनी हयात घालवली. वर्गात पोरं यायची ती शेंद्र्याकडची, चिकलठाण्याकडची. घरी बोलतात तसं वहीत लिहायची. इथं, तिथं, आमच्याकडं. बाई त्या प्रत्येक टिंबाभोवती लाल गोल काढत. टिंब कुठे द्यायचं आणि कुठे नाही हे ज्याला कळलं त्याला समोरच्याचं बोलणं कळलं, असं त्या दरवर्षी नव्या वर्गाला सांगत. पोरांनी त्यांचं नाव 'टिंबबाई' ठेवलं होतं. हे मुकुंदरावांनी एकदा भाजीबाजारात स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. घरी सांगितलं नाही.

मुकुंदराव मूळचे लासूर स्टेशनचे. वडील तिथल्या धान्याच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम. त्यामुळे लग्न झालं तेव्हा मुकुंदरावांच्या बोलण्यात 'लई' होतं, 'व्हय' होतं, 'नाय' तर उठता-बसता होतं. भानुमतीबाईंनी हे सगळं पहिल्याच वर्षात काढून टाकलं. रागावून नाही. वाक्य संपलं की त्या ते दुरुस्त करून परत म्हणत, एवढंच. मुकुंदराव पाटबंधारे खात्यात लिपिक होते, दुरुस्त होऊन परत आलेल्या कागदाची त्यांना सवय होती. पुढेपुढे ते घरात फक्त शुद्ध तेवढंच बोलू लागले. म्हणजे थोडं.

यंदा होळीनंतर एका सकाळी ते चहाचा कप उचलायला गेले आणि कप जागच्या जागी राहिला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना समजतंय सगळं, शब्द सापडत नाहीत. जे बोलणं परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. त्यानंतर आशा ठेवायला हरकत नसते.

भानुमतीबाईंनी ही मुदत परीक्षेच्या तारखेसारखी घेतली. मागच्या खोलीत, परसाकडच्या खिडकीला लागून त्यांनी मुकुंदरावांची खाट लावली. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'पाणी', 'चहा', 'औषध' असे तक्ते चिकटवले, ऱ्हस्वदीर्घ तपासून. बोलण्याचा सराव घ्यायला हिमानी नावाची मुलगी आठवड्यातून एकदा येऊ लागली.

"काकू, शब्द कुठलाही येऊ द्या," हिमानी म्हणाली. "आला की लगेच त्याप्रमाणे करायचं. पाणी म्हणाले, की पाणी. आपला शब्द कामाला लागतो हे त्यांना कळलं, की दुसरा शब्द येतो."

"आणि चुकीचा आला तर?"

"चुकीचा असा नसतोच काकू."

"असं कसं? भाषेत चूक असतेच."

हिमानीने यावर बॅगेतून तिची फाईल काढली आणि बराच वेळ त्यात पाहिलं.

मुलगी सई पुण्यात. तिला येऊन राहणं शक्य नव्हतं, म्हणून तिने बर्ड फीडर पाठवला. पारदर्शक नळी, खाली चोच घालण्यापुरती भोकं, वर अडकवायला तार. बाबांना पडल्यापडल्या बघायला काहीतरी. परसातल्या पेरूच्या फांदीला तो टांगला, बाजरी भरली, आणि चार-आठ दिवसांनी चिमण्या आल्या. त्या दिवशी छताकडे बघत पडलेल्या मुकुंदरावांनी पहिल्यांदा मान खिडकीकडे वळवली.

"चिमण्यांनी केलं बघ," भानुमतीबाईंनी सईला फोनवर सांगितलं. त्या दिवसापासून चिमण्या हे औषध झालं.

मग खारी आल्या.

निवृत्तीच्या समारंभात भानुमतीबाई 'या शाळेच्या जडणघडणीत माझा खारीचा वाटा' असं बोलल्या होत्या. खारीचा वाटा प्रत्यक्षात किती असतो हे त्यांना आता दिसलं. सकाळी भरलेली नळी दुपारी रिकामी. मागच्या पायांनी फांदी धरून खार उलटी लोंबकळायची, पुढच्या दोन हातांनी नळी गदगदा हलवायची, आणि खाली सांडलेल्या बाजरीवर तिचं गोत बसलेलं असायचं. चिमण्या कुंपणावर थांबून बघायच्या आणि निघून जायच्या. भानुमतीबाईंनी तारेला तेल लावलं. खारी घसरल्या, आणि दुसऱ्या दिवशी फांदीवरून सरळ नळीवर उड्या मारू लागल्या. थंड पेयाची बाटली कापून तिची टोपी तारेत ओवली. टोपीवर बसून खारी सावलीत खाऊ लागल्या. बाजरीला तिखट चोळलं. एक खार शिंकली, तोंड दोन्ही हातांनी पुसलं आणि पुन्हा खायला लागली.

यांतल्या एकीची शेपटी अर्धीच होती. मांजराने नेली असेल. ही लांडी सगळ्यांत धीट. दुपारी जेवणाच्या सुमारास ती खिडकीच्या कठड्यावर यायची, जाळीला नाक लावायची, आणि मुकुंदरावांच्या तोंडापासून हातभर अंतरावर बसून दाणा कुरतडायची. मुकुंदराव बघत राहायचे. ती वेळ भानुमतीबाईंची स्वयंपाकघरातली. त्या ताट घेऊन खोलीत येत तेव्हा खिडकीकडे पाठ करून बसत, कारण भरवायचं तर तोंड त्यांच्याकडे हवं.

असंच एका दुपारी, वरणभाताचा दुसरा की तिसरा घास गिळून मुकुंदराव म्हणाले, "खार."

"खारट," भानुमतीबाई म्हणाल्या. "खारट म्हणायचं."

मग त्यांच्या हातातला चमचा ताटात पडला.

पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी सईला फोन लावला, हिमानीला लावला, आणि ताटातलं वरण चाखून पाहिलं. मीठ किंचित जास्तच वाटलं. वाटणारच. शब्दाचा शेवट नीट ऐकू आला नव्हता, पण मुकुंदरावांचे ओठ एका बाजूला ओघळलेले. 'खारं'मधलं टिंब तिथून गळून पडलं असणार. ते बाईंनी आपल्या पदरचं घातलं.

"आणि सई, बघ, वरण नपुंसकलिंगी, म्हणून 'खारं'. भाजीला म्हणायचं असतं तर 'खारी' म्हणाले असते. म्हणजे लिंगाचं भान अगदी शाबूत आहे."

"आई," सई रडत रडत हसत होती, "बाबा बोलले, एवढं म्हण ना आधी."

त्या दिवसापासून वरणात मीठ अर्धं झालं. रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली होती, डॉक्टरांनीही मीठ जरा हात राखून घाला म्हटलं होतं, त्यामुळे सगळं जुळून आलं. शब्द आला, शब्दाप्रमाणे केलं. पण मुकुंदराव दुसऱ्या दिवशी परत म्हणाले, "खार." ताकाला म्हणाले. पोळीला म्हणाले. रविवारी केलेल्या शिऱ्यालासुद्धा म्हणाले. बाईंनी शिरा चाखून पाहिला. मग आठवलं, शिऱ्यातही चवीला मिठाचा कण टाकतोच आपण. पुढचा शिरा तसा केला नाही.

वरकामाला आणि मुकुंदरावांना कुशीवर वळवायला शेंद्र्याच्या सरूबाई येत. जमीन एमआयडीसीत गेलेली, मुलगा तिथल्याच एका कंपनीच्या गोडाऊनला. दुपारचं जेवण त्यांचं इथेच.

"बाई, आज वरणात मीठ घालायचं इसरल्या का?"

"विसरले नाही. यांना खारं लागतं."

"मला तं नुसतं पाणी लागतंय."

"तुमच्या जिभेचं चाललेलं नाही, सरूबाई."

"व्हय. माझ्या जिभेचं कव्हा चाललंय इथं." सरूबाईंनी उठून डब्यातलं मीठ आपल्या वाटीत घेतलं. "मला इचारसान तर काका तुमच्यावर खार खाऊन हायेत. इतकी वर्सं लाल पेन चालवला त्यांच्यावर, आता तोंड उघडलं की तेवढंच निघतंय."

"'वर्षं'," भानुमतीबाई म्हणाल्या.

शब्द एकच राहिला. हिमानी म्हणाली, असं होतं कधीकधी, एकच शब्द अडकून बसतो. उन्हाळा गेला, आषाढ गेला. मीठ चिमटीवर आलं. मुकुंदराव दुपारचे जास्त झोपू लागले. अन्नावरची वासना कमी झाली, मळमळायचं. बाई पाणी भरपूर पाजत. आणि एव्हाना चिमण्या जवळजवळ येईनाशा झाल्या होत्या. भानुमतीबाईंनी याचा विचार वर्गात शिकवावा तसा पायरीपायरीने केला. चिमण्या आल्या तेव्हा नजर आली. चिमण्या टिकल्या असत्या तर दुसरा शब्द आला असता. चिमण्यांना टिकू देत नाहीत त्या खारी. मुदत संपत आली होती.

"माझा पोरगा सांगतो," सरूबाई म्हणाल्या, "गोडाऊनात चिकट पाटी लावतेत उंदरांला. गोंद असतो. पाय टाकला की हालत नाय जागचं."

"मारायचं नाही आपल्याला. धरून लांब सोडायचं."

"सोडा की. मी कुठं नाय म्हणती."

पाटी मुकुंदवाडीच्या बाजारात मिळाली. चिकटलेला जीव पुन्हा सुटा कसा करायचा, याबद्दल पाकिटावर काही छापलेलं नव्हतं. भानुमतीबाईंनी मधोमध शेंगदाणे ठेवले आणि पाटी खिडकीच्या कठड्यावर मांडली, कारण लांडी तिथे येते हे त्यांनी भांडी वाजवून हाकलताना पाहिलं होतं.

श्रावणातली दुपार, ऊन-पावसाची. ताट खिडकीखालच्या स्टुलावर झाकून ठेवून बाई पाणी आणायला आत गेल्या, आणि मागून आवाज आला, "खार." त्यांनी तांब्या भरला. "खार. खार. खार." इतका मोठा आवाज आजारपणात कधी निघाला नव्हता. बाई पळत आल्या. मुकुंदरावांची मान खाटेवरून उचललेली, डोळे मोठे, डावा हात खिडकीकडे ताणलेला. हाताच्या रेषेत खाली स्टूल होतं, स्टुलावर ताट होतं.

बाईंनी झाकण काढलं आणि वरण चाखलं. त्यांना त्यात मीठ असल्याचंही जाणवलं नाही.

"एवढंसुद्धा चालत नाही का?" त्या म्हणाल्या. "बरं. बरं. शांत व्हा. दुसरं करते."

"खार," मुकुंदराव म्हणाले.

"हो, कळलं मला. कळलं."

ताट उचलून त्या आत गेल्या. डाळ धुतली, कुकर लावला, शिट्ट्या मोजल्या, कुकर गार होईस्तोवर थांबल्या. मागच्या खोलीतून थोडा वेळ आवाज येत होता. मग थांबला. बिनमिठाचं वरण घेऊन त्या परत आल्या तेव्हा मुकुंदरावांनी तोंड भिंतीकडे केलेलं होतं. चमचा ओठांना लागला की ते तोंड उघडत. पूर्ण वाटी संपली.

संध्याकाळी त्यांनी सईला सांगितलं, "मीठ आता अगदी बंद केलं. आणि आश्चर्य म्हणजे, जेवताना एकदाही खारं म्हणाले नाहीत."

पाटी सरूबाईंना दिसली ती चार वाजता. त्यांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली.

"लांडी व्हती. पोटाकडून चिकटली व्हती, एक पाय तेवढा मोकळा."

"जिवंत आहे का?"

"दुपारधरून उन्हात हाय बाई ती," सरूबाई म्हणाल्या आणि पुडकं घंटागाडीत टाकायला घेऊन गेल्या.

त्यानंतर मुकुंदराव काही बोलले नाहीत, म्हणून भानुमतीबाईंनी मीठ बंदच ठेवलं. शब्दाप्रमाणे केल्यावर शब्द थांबला, याचा अर्थ तक्रार मिटली. पोळा आला तोवर मुकुंदराव दिवसभर झोपत होते. एका सकाळी सरूबाई त्यांना कुशीवर वळवत असताना त्यांना झटके आले. ॲम्ब्युलन्स आली.

अतिदक्षता विभागाबाहेर एका तरुण डॉक्टरने विचारलं, "रक्तातलं सोडियम फारच खाली गेलंय. मीठ किती असतं जेवणात?"

"बंद आहे."

"बंद? लघवीवाटे मीठ काढणारी गोळी चालू असताना? कुणी सांगितलं बंद करायला?"

"यांनीच."

डॉक्टरने काचेतून मुकुंदरावांकडे पाहिलं. त्यांना काही विचारता येईल अशी परिस्थिती नव्हती.

शिरेतून मीठ हळूहळू चढवलं गेलं. नाकातून नळी घातली, दूध-पेज त्यातून. हे काही दिवस चाललं. मग वॉर्डात हलवल्यावर एका दुपारी मुकुंदरावांनी डोळे उघडले, भानुमतीबाईंना ओळखलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "खार."

सवयीने बाईंनी ताट शोधलं. ताट नव्हतं. वाटी नव्हती, चमचा नव्हता. दवाखान्यात आल्यापासून मुकुंदरावांच्या जिभेला अन्नाचा कण लागलेला नव्हता. बाईंनी नळीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

मुकुंदरावांनी डावा हात चादरीवर आणला. दोन बोटं उभी केली आणि चादरीवरून पळवली. थोडं पळाली, थांबली, पुन्हा पळाली. मग तळवा चादरीवर दाबला आणि तसाच धरला. हात सोडवायचा प्रयत्न करावा आणि तो सुटू नये, असं ते करत होते.

भानुमतीबाई स्टुलावर बसल्या.

"खार," त्या म्हणाल्या. टिंब न देता. "ती खिडकीतली?"

मुकुंदरावांनी पापण्या मिटून उघडल्या. हात तसाच दाबलेला होता. ते बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, आणि आता त्याच शब्दात ते काही विचारत होते.

"ती सुटली," बाई म्हणाल्या. "सरूबाईंनी तेल लावून सोडवली. पेरूवर पळून गेली. मी पाहिलं ना."

वाक्यं व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. ज्या माणसाला ती सांगितली तो त्या दुपारी पाटीपासून हातभर अंतरावर पडून होता आणि कुकर गार होईस्तोवर त्याने सगळं पाहिलं होतं. मुकुंदरावांनी हात चादरीखाली नेला.

घरी आल्यावर भानुमतीबाईंनी बाटलीची टोपी काढली, तार कोरडी पुसली. कठड्यावर शेंगदाणे ठेवले.

"आता येऊ द्यायच्या व्हय?" सरूबाईंनी विचारलं.

"येऊ द्या."

"चिमण्यांचं काय मग?"

बाईंनी त्यांच्या ताटात वरण वाढलं. वरणात मीठ होतं. सरूबाईंनी भुरका मारला आणि मिठाच्या डब्यासाठी उठल्या नाहीत.

खारी आल्या. त्यांना कुणाबद्दल काही वाटत असल्याचं दिसलं नाही. कठड्यावर बसून त्या दाणे फिरवून फिरवून खायच्या. मुकुंदराव प्रत्येकीकडे बघायचे. ती वळेपर्यंत, तिची लांब झुपकेदार शेपटी दिसेपर्यंत बघायचे आणि मग डोळे मिटायचे.

"अहो, खार," भानुमतीबाई म्हणायच्या. "खार आली बघा." स्वच्छ उच्चार करायच्या, शेवटचा 'र' तोडून. हिमानीने सांगितलं होतं तसं त्या थांबायच्या, उत्तराला जागा द्यायच्या. पंखा फिरत राहायचा. पुढे मुकुंदरावांनी बघणंही सोडलं. दुपार झाली की आधीच डोळे मिटून घेत. हिमानी म्हणाली, काकू, आता महिन्यातून एकदा आले तरी चालेल. सईने विचारायचं सोडलं.

"काका बोलतेत का काही?" सरूबाईंचा मुलगा दिवाळीला फराळाचा डबा द्यायला आला होता, त्याने आईला दारातच विचारलं.

"गप," सरूबाई म्हणाल्या. "बाई हायेत आत."

नोव्हेंबरात बँकेतून एक तरुण हयातीचा दाखला करायला घरी आला. पेन्शनर अंथरुणाला खिळलेला असेल तर हल्ली बँक येते. त्याने मोबाईल मुकुंदरावांच्या चेहऱ्यासमोर धरला. नाव, पेन्शन क्रमांक, पत्ता, सगळं जुळलं. जिवंत माणूस आहे, फोटो नाही, याची यंत्राला खात्री पटावी म्हणून एकदा डोळे मिटून उघडावे लागतात, असं त्याने समजावून सांगितलं.

"काका, डोळे मिटा."

मुकुंदरावांनी लगेच मिटले.

"हां, छान. आता उघडा."

तरुणाने पुन्हा सांगितलं. मग जरा मोठ्याने सांगितलं. मग भानुमतीबाईंकडे बघितलं. थोड्या वेळाने मोबाईलवर हिरवी खूण उमटली आणि श्री. मुकुंद लासूरकर, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, पाटबंधारे विभाग, हे हयात असल्याचं पुढील एक वर्षासाठी प्रमाणित झालं. पापण्या भानुमतीबाईंनी दोन बोटांनी वर धरल्या होत्या.